गहाळ फर्मा

तेहेतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, कड तिरपी, आकडा पुसट,
बोट थांबायचं, नोट बाजूला.
एवढा कागद हातून गेला
आणि वाचलं काय, तर नंबर.

म्हणून एक जानेवारीला,
नळाखाली हात धरवत नव्हता अशा थंडीत,
दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं:
यंदा बारा पुस्तकं.
एक प्रवासाचं, एक पाखरांचं,
एक अहिराणीतलं
(आईची भाषा; मला तिच्यातल्या फक्त शिव्या येतात),
एक जाडजूड कादंबरी,
कवितांचं एक, पातळ चालेल,
आणि एक असं, जे मला मुळीच आवडणार नाही.
खाली वेगळ्या पेनाने:
दर आठवड्याला घराबाहेर, माणसांत.
किराणा धरायचा नाही.

पहिल्या रविवारी गंगापूर रोडला मिसळ.
प्रेसमधल्या पाचजणी,
द्राक्षाच्या मांडवाशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्या.
गुडघे, सुना, पेन्शनचा फरक. दीड तास.
मी काय वाचतेय ते कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
पाव मात्र तीन खाल्ले.

कादंबरी वाचनालयातून आणली, खाकी पुठ्ठ्याची.
रोज दहा पानं, बोटाला थुंकी न लावता.
शहाण्णवाव्या पानावर नायिका
धरणाच्या भिंतीवर उभी,
हातात तार, न उघडलेली.
पुढचं पान एकशे तेरा:
ती स्वयंपाकघरात, केस कापलेले,
कुणाशी तरी हसतेय.

बोट थांबलं.
सोळा पानं. अख्खा फर्मा.
फाडलेला नाही, दोरा जागच्या जागी;
बांधतानाच राहून गेलेला.
असल्या चुका पकडण्याचाच तर पगार घेतला.
पण आता ती बाई तिथे
वाऱ्यात उभी होती,
तिला बाजूला कशी ठेवू?

वाचनालयातल्या जुबेदा कोकणींनी चष्मा वर केला.
"दुसरी प्रत नाही. मागची चिठ्ठी बघा,
ज्यांनी नेलं त्यांना विचारा."
चिठ्ठीवर नुसते सभासद क्रमांक.
नंबर! ते तर मला वाचता येतात.

पंचवटीत कोठावदे, वय ब्याऐंशी,
तिळगूळ हातावर ठेवून म्हणाले,
"तार म्हणजे भाऊ गेला.
ती रडत नाही, केस कापते.
मीच रडलो होतो, अजून आठवतं."

शरणपूरला एस्तेर साळवेंनी
नाताळच्या केकचा शेवटचा तुकडा पुढे केला.
"छे हो, कोण मेलं? नोकरीची तार ती.
एकटी निघून जाते. म्हणून तर हसते पुढे."

दोघांनी हीच प्रत नेलेली.
म्हणजे ती पानं
दोघांनीही कधी पाहिलेली नाहीत.
तोंडावर आलं होतं.
केक खाल्ला आणि गप्प राहिले.

सातपूरचा तुषार आहिरराव, वेल्डर,
त्याला काहीच आठवेना.
"अर्ध्यात सोडलं मॅडम, डबल ड्युटी होती.
काय झालं पुढे, तुम्हीच सांगा."
टपरीवर दोन कटिंग आल्या.
मी सांगायला लागले:
तार ती उघडतच नाही,
घडी घालते, ब्लाऊजमध्ये ठेवते, आणि
भिंतीच्या त्या टोकापर्यंत चालत जाते, जिथे...
चहावर साय धरली.
तो म्हणाला, "जिथे काय?"

आज सत्तावीस तारीख.
पुस्तकं: पाव.
पाखरांना, अहिराणीला अजून हात नाही.
बाहेर पडण्याचा हिशेब
कॅलेंडरच्या पाठीवर मावेनासा झालाय.
चिठ्ठीवर आणखी पाच नंबर आहेत,
त्यातला एक देवळाली कॅम्पचा, उद्या सकाळची बस.
पुस्तकाची मुदत कालच संपली.
दंड रोज एक रुपया.
नाणं उजेडात धरून, सवयीने,
दोन्ही बाजूंनी बघून घेतलं.